बोटीवरच्या सोलर वायरिंगचे जोड खाऱ्या हवेत टिकवायचे कसे

दादाच्या बोटीवर केबिनच्या छपरावर शंभर-शंभर वॉटची दोन पॅनेल मीच बसवली होती, ऑगस्टमध्ये, सीझन सुरू होताना. दिवाळीच्या आधी एका रात्री त्याचा फोन आला. बोट नुकतीच हर्णैच्या बंदरात नांगरली होती. "जीपीएस सारखा बंद पडतोय रे. वायरलेसवर पण आवाज तुटतो. बॅटरी तर नवी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी उन्हात मीटर लावला. पॅनेलच्या पाठीमागे १७ व्होल्ट, खाली चार्ज कंट्रोलरच्या (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा) तोंडाशी जेमतेम १३. मधले चार व्होल्ट वाटेत जात होते. छपराच्या कडेला मी एक जोड दिला होता, तारा पिळून, वरून काळ्या टेपचे तीन थर. ब्लेडने टेप कापली तर आतून पाण्याचे दोन-तीन थेंब हातावर पडले. खाली हिरवा-काळा चिखल, आणि तांब्याच्या तारा भाजलेल्या शेवयांसारख्या बोटात मोडत होत्या. वायर थोडी मागे सोलली, आत काळी. आणखी एक वीत सोलली, तरी काळी. गुलाबी तांबं दिसेपर्यंत दीड मीटर वायर कापून टाकावी लागली. पाऊस आणि लाटांचं पाणी टेपच्या घडीतून आत गेलं होतं आणि टेपने ते पिशवीसारखं धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी बोटीवर घरासारखा जोड देणं बंद केलं. पुढे जे लिहितोय ते त्यानंतर केलेल्या बोटींवर टिकलेलं काम आहे.

आधी शत्रू ओळखा. गोडं पाणी शिरलं तर उन्हात वाळून जातं. मीठ वाळत नाही. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथे घडतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलेच राहतात. आपल्या किनाऱ्यावर रात्री हवा किती दमट असते ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे जोडात एकदा मीठ गेलं की बोट बंदरात उभी असली तरी जोड रोज रात्री भिजतो. त्यात सोलरची वीज डीसी. दिवसभर एकाच दिशेने दाब. ओल्या मिठातून प्लस आणि मायनसमध्ये बारीकसा प्रवाह गळत राहतो आणि प्लसच्या बाजूचं तांबं विरघळत जातं. म्हणून जुना जोड उघडलात तर प्लसची वायर जास्त खाल्लेली दिसेल. आणि बहुतारी वायरमध्ये तारांच्या मधल्या फटी दिव्याच्या वातीसारखं काम करतात. टोकाला लागलेलं पाणी आवरणाच्या आतून वर चढतं. दीड मीटर काळी वायर अशी होते.

तर पहिलं काम हत्यार हातात घेण्याआधीचं. जोड मोजा. छपरावर जितके जोड कमी तितकं बरं. पॅनेलच्या पाठीमागच्या डब्यातून साधारण मीटरभराच्या दोन वायरी येतात आणि त्यांच्या टोकाला एमसी४ कनेक्टर, म्हणजे सोलरच्या वायरी जोडायचे नर-मादी प्लग असतात. तिथून कंट्रोलरपर्यंत वायर अखंड, एकाच तुकड्याची घ्या. दुकानात सहा मीटर लागत असेल तर आठ मागा. उरलेली दोन मीटर केबिनमध्ये गुंडाळून ठेवता येते, पण कमी पडलेली अर्धा मीटर जोडाशिवाय येत नाही.

दोन पॅनेल समांतर जोडली तर मध्ये दोन वायरी एकात आणणारे वाय कनेक्टर येतात, म्हणजे छपरावर जास्तीचे जोड. एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडली तर ते जोड वाचतात आणि करंटही निम्मा राहतो. पण मग व्होल्टेज दुप्पट होतं. बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनेलचा काहीही न जोडता मोजलेला दाब साधारण २२ व्होल्ट असतो, दोन मिळून ४४. कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचा जास्तीचा दाब बॅटरीच्या कामी आणणारा हवा आणि त्यावर लिहिलेली कमाल व्होल्टची मर्यादा यापेक्षा बरीच वर हवी. शिवाय डोलकाठीची किंवा जाळ्याच्या ढिगाची सावली एका पॅनेलवर पडली तर सिरीजमध्ये ती दोघांनाही नडते. ज्या बोटीवर मधोमध काठी आहे तिथे मी समांतरच ठेवतो आणि वाय कनेक्टर छपराखाली आणतो.

वायर. घरातली साधी पीव्हीसी वायर छपरावर नको. उन्हाने तिचं आवरण तडकतं आणि आतलं तांबं उघडं असतं. सोलरची वायर म्हणून मिळते ती घ्या. तिचं आवरण उन्हाला दाद देत नाही, आणि आतल्या प्रत्येक तारेवर कथिलाचा थर असतो, अगदी पितळेच्या भांड्याला करतात तशी कल्हई. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, कल्हई असली की कळकत नाही, तसंच या तारेचं. दुकानात टोक सोलून बघा. तारा चंदेरी दिसल्या पाहिजेत. लालसर दिसल्या तर आवरणावर काहीही छापलेलं असो, परत द्या.

जाडीच्या बाबतीत कंजूषपणा करू नका, कारण त्याचा हिशेब साधा आहे. शंभर वॉटची दोन पॅनेल समांतर असली की कडक उन्हात साधारण ११ अँपियर येतात. छपरापासून कंट्रोलरपर्यंत ६ मीटर धरले, जाऊन-येऊन १२ मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये यात पावणेदोन व्होल्टच्या वर गळती होते, अडीचमध्ये एक व्होल्टच्या आसपास, सहामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. पॅनेलवर १८ व्होल्ट लिहिलेलं असतं ते २५ अंश तापमानाचं. आपल्या उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं आणि तो आकडा सोळाच्याही खाली येतो. बॅटरी पूर्ण भरायला चौदा-साडेचौदा लागतात. म्हणजे तुमच्या हातात शिल्लक एक-दीड व्होल्टच. तो वायरने खाल्ला की वर ऊन कितीही असो, बॅटरी अर्धवटच राहते. म्हणून या मापाच्या कामाला मी ६ चौरस मिलिमीटर वापरतो.

आता एमसी४ कनेक्टर. यावर आयपी६७ किंवा ६८ लिहिलेलं असतं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत पाणी जात नाही. लोक हे वाचून निश्चिंत होतात. पण ती हमी नर-मादी एकमेकांत पूर्ण बसलेले, मागची नट आवळलेली आणि वायर योग्य जाडीची असतानाच. उघडं तोंड पाण्याला अजिबात अडवत नाही. काम अर्धवट सोडून जेवायला गेलात आणि तेवढ्यात कुणी डेक धुतला, तर पिनवर खारं पाणी बसलंच. टोपण नसेल तर निदान प्लास्टिकची पिशवी बांधून तोंड खाली करून ठेवा.

तो बसवताना मी कुठलीही घाई करत नाही. वायरचं आवरण सहा-सात मिलिमीटर सोलायचं, एकही तार न तोडता. नट, रबरी बूच आणि बाहेरचं कवच आधी वायरवर ओवून घ्यायचं, नाहीतर पिन दाबल्यावर पुन्हा कापावं लागतं. पिनमध्ये सगळ्या तारा गेल्या पाहिजेत, एकही बाहेर वळलेली नको. मग त्याच मापाच्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबायचं. साध्या पकडीने चेपलेली पिन मला चालत नाही. ती वरून घट्ट वाटते आणि इंजिनाच्या थरथरीने महिन्याभरात ढिली होते. दाबल्यावर वायर धरून जोरात ओढून बघा, निसटली तर ती इथेच निसटू दे. पिन कवचात ढकलली की टक् असा आवाज येतो. तो आला नाही तर पिन मागे सरकते आणि जोड लागल्यासारखा दिसूनही लागत नाही. मागची नट दोन पान्यांनी आवळायची. हाताने आवळलेली नट रबरी बुचाला पुरेसं दाबत नाही, आणि पाणी शिरतं ते बहुतेक वेळा याच मागच्या बाजूने, वायरच्या कडेने.

दोन वेगवेगळ्या बनावटीचे नर-मादी एकमेकांत बसले तरी जोडू नका. मापातला केसभर फरक डोळ्याला दिसत नाही, पण तिथे जोड तापतो. पॅनेलबरोबर आलेला कनेक्टर कुठल्या बनावटीचा आहे ते कळत नसेल तर तो कापून दोन्ही बाजूंना एकाच पाकिटातले नवे लावा. आणि ऊन असताना, वीज वाहत असताना एमसी४ ओढून सोडवू नका. डीसीची ठिणगी लांब ओढली जाते आणि पिनची कल्हई जाळते. आधी पॅनेलवर ताडपत्री किंवा घोंगडी टाका, किंवा मधला स्विच बंद करा.

जोडलेला कनेक्टर छपरावर पडलेला ठेवायचा नाही. छपराच्या खळग्यात पाणी साचतं आणि मीठ मागे राहतं. पॅनेलच्या फ्रेमखाली, सावलीत, छपराला न टेकता, आडवा बांधा, दोन्ही बाजूंनी वायरला थोडा झोळ देऊन. पागोळी जशी कौलाच्या कडेवरून गळते तसं पाणी झोळाच्या खालच्या टोकावरून गळून गेलं पाहिजे, कनेक्टरपर्यंत पोचताच कामा नये. बांधायला काळ्या केबल टाय, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या घ्या. पांढऱ्या टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात. दर वीतभरावर एक टाय, कारण खलाशी छपरावर चढताना हाताला येईल ते धरतो, आणि कधी कुणी वायरवर कपडे वाळत घालतं. त्यांना रागावून उपयोग नाही, वायर हाताला लागणारच नाही अशी नेली पाहिजे.

जिथे जोड टाळताच येत नाही तिथला जोड. डाग देऊन, म्हणजे सोल्डरने केलेला जोड घरी चांगला, बोटीवर नाही. शिसं-कथील तारांमध्ये चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि थरथरीने बरोबर त्या ताठ भागाच्या कडेला वायर मोडते. कल्हई केलेला तांब्याचा नळीसारखा जोडतुकडा घ्या, दोन्ही बाजूंनी वायर घालून क्रिम्प करा. त्याआधी वायरवर स्लीव्ह ओवायला विसरू नका. स्लीव्ह आतून गोंद असलेली हवी, तापल्यावर एक तृतीयांश होणारी. साधी पातळ स्लीव्ह नुसती आकसते, तिच्या खालून पाणी आरामात जातं. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन बोटं आवरणावर चढेल इतकी लांब कापा. आवरण आधी स्पिरिटने पुसा, कारण बोटीवर प्रत्येक वस्तूवर डिझेलचा चिकट थर असतो आणि त्यावर गोंद धरत नाही. हीट गन मधून कडेकडे फिरवा, म्हणजे हवा बाहेर निघते. दोन्ही टोकांना गोंदाची पातळ कड बाहेर आलेली दिसली पाहिजे, पुरणपोळीच्या कडेला पुरण दिसतं तशी. ती दिसेपर्यंत थांबायचं. लायटरने केलंत तर एक बाजू करपते आणि दुसरीकडचा गोंद वितळतच नाही.

त्यावर मी एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळतो. तिला गोंद नसतो. ताणली की ती स्वतःलाच चिकटते आणि काही तासांत एक अखंड रबर होतं. रुंदी निम्मी होईपर्यंत ताणा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवा. वायर उभी असेल तर सुरुवात खालून करा आणि वर जा. घराची कौलं खालच्या ओळीपासून चढवतात ते याच कारणाने, वरचं खालच्यावर आलं की पाणी आत न जाता उतरून जातं. वरून सुरुवात केली तर प्रत्येक वेढ्याची कड पाणी झेलायला उघडी राहते. ही टेप उन्हात टिकत नाही, म्हणून शेवटचा एक थर साध्या काळ्या टेपचा, न ताणता.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाजारात सहज मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनच्या नळीला उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास ॲसिटिक आम्लाचा, सुकताना ते बाहेर पडतं. हे सिलिकॉन तांब्याजवळ, पॅनेलच्या डब्यात किंवा टर्मिनलवर भरलंत तर पाण्याआधी तुम्हीच तांब्याला आम्ल पाजलं. आत जंगाल चढलेलं आणि वरून सिलिकॉन चकचकीत, अशी टर्मिनलं मी उघडली आहेत. नळीवर न्यूट्रल लिहिलेलं घ्या आणि तेही फक्त छिद्रांच्या कडेला, जोडावर नाही. कनेक्टरच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलिन बॅटरीच्या टोकांना चांगलं, पण या रबराला ते फुगवतं.

पॅनेलच्या पाठीमागचा काळा डबा बहुतेक नव्या पॅनेलवर रसायनाने भरून बंद असतो, त्याला हात लावू नका. पण केबिनच्या बाहेर तुम्ही स्वतः डबा लावत असाल तर तो पूर्ण हवाबंद करायच्या मागे लागू नका. दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार होतो आणि दमट हवा आत ओढतो. ती आत पाणी होऊन साचते आणि बाहेर जायला वाट नसते. वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (छिद्रात वायरभोवती आवळून बसणारं बूच) आत घ्या, एका ग्लँडमध्ये एकच वायर, आणि तळाला सर्वांत खालच्या कोपऱ्यात चार-पाच मिलिमीटरचं एक छिद्र ठेवा. दाभोळच्या एका तांडेलमामांनी ते छिद्र बघून विचारलं, "अरे, तू डबा बंद करायला आलास की भोक पाडायला?" पुढच्या सीझनला आम्ही दोघांनी मिळून डबा उघडला. आत कोरडं होतं आणि छिद्राच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. पाणी आलं होतं आणि गेलं होतं. नंतर त्यांनी दिव्यांच्या डब्यांनाही तशीच छिद्रं पाडून घेतली.

केबिनमध्ये वायर छपरातून सरळ खाली नेऊ नका. उभ्या भिंतीतून, छपराच्या पुढे आलेल्या कडेखालून आत घ्या, बाहेर झोळ देऊन. ग्लँड वायरच्या जाडीला नेमका घ्या. मोठ्या ग्लँडमध्ये टेप गुंडाळून वायर जाड करणं म्हणजे पुन्हा तीच पिशवी. लाकडी बोटीत छिद्राच्या आतल्या कडेला आधी राळ किंवा इपॉक्सी लावा, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि ग्लँड ढिला होतो.

कंट्रोलर बॅटरीच्या वर नको, बॅटरीतून निघणारा वायू आणि आम्लाची वाफ त्याची टर्मिनलं खाते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट.

स्लीव्हचा जोड बोटीवर लावण्याआधी एक परीक्षा घरीच घेता येते. पहिल्यांदा करत असाल तर हातभर वायरच्या दोन तुकड्यांवर एक नमुना जोड करा. बादलीत मिठाचं पाणी घ्या, जोड रात्रभर बुडवून ठेवा, वायरची दोन्ही टोकं पाण्याबाहेर. सकाळी मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं पाण्यात. आकडा दिसला तर पाणी आत गेलंय. मीटर अनंत दाखवत राहिला तर हात बसला. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं बादलीत पास झाल्याशिवाय छपरावर चढत नाहीत.

काम पूर्ण झालं की स्वच्छ उन्हात, बॅटरी थोडी उतरलेली असताना, पॅनेलच्या बाजूचे व्होल्ट, कंट्रोलरच्या बाजूचे व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवरचा (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) करंट असे तीन आकडे घ्या. कंट्रोलरच्या शेजारी भिंतीवर तारखेसह मार्करने लिहून ठेवा. दर महिन्याला तसंच ऊन बघून पुन्हा मोजा. करंट तेवढाच आणि दोन व्होल्टमधला फरक वाढला, की कुठला तरी जोड खराब होतोय, जीपीएस बंद पडायच्या बराच आधी कळतं. बंदरात आल्यावर पॅनेल आणि वायरींवर बादलीभर गोडं पाणी ओतायला सांगा. हे काम कुणीही खलाशी करू शकतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारतात तेव्हा पॅनेल छपरावर राहिलं तर ताडपत्री आणि झापांखाली दोन महिने ओलाच ओला. मी पॅनेल उतरवून घरी नेतो. छपरावर राहिलेल्या वायरींच्या कनेक्टरना टोपणं लावतो. टोपण नसेल तर कामातून गेलेल्या एमसी४चा जोडीदार, त्याच्या मागे वायरचा वीतभर तुकडा आणि तुकड्याचं दुसरं टोक गोंदाच्या स्लीव्हने बंद. एकही बाजू उघडी राहत नाही. मग दोन्ही तोंडं खाली करून छपराच्या आतल्या बाजूला बांधतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रंग, डागडुजी चालू असते तेव्हा टोपण काढून पिन बघायची. चंदेरी असेल तर तशीच लावायची. टोकाला जरासा हिरवा ठिपका दिसला तर घासत बसायचं नाही, कापून नवी पिन, म्हणूनच ती जास्तीची दोन मीटर वायर केबिनमध्ये गुंडाळून ठेवलेली असते.